कर्ज फिटलं, तरी हप्ता का कापला?

प्रश्न : आमचं मानखुर्दचं घर म्हाडाच्या सोडतीत लागलं. त्यासाठी मिस्टरांनी एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं होतं. ते तुर्भ्याच्या एमआयडीसीत नोकरीला होते आणि हप्ता त्यांच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जायचा. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे आले, त्यातून उरलेलं सगळं कर्ज आम्ही २९ तारखेला एकरकमी फेडलं. खातं बंद झालं, काही येणं बाकी नाही, असं पत्र संस्थेने दिलं. आम्ही इमारतीत पेढे वाटले. पण पुढच्याच ५ तारखेला, तेही रविवारी, खात्यातून १४,८६० रुपये गेले. फोन केला तर म्हणाले, ‘सिस्टिममधून गेलेत, आपोआप परत येतील.’ आले नाहीत. त्यापुढच्या ५ तारखेला पुन्हा तेवढेच गेले. शिवाय १० तारखेला ६१२ रुपये कापलेत, ते कशाचे तेच कळत नाही. आमच्या बँकेत विचारलं तर सांगतात, ‘ज्यांचं कर्ज होतं त्यांना विचारा.’ शेजारी म्हणतात, हा फ्रॉड आहे, खातं रिकामं करून टाका. पैसे परत मिळतील का? पुढच्या ५ तारखेआधी आम्ही काय करावं? आता पगार नाही, त्यामुळे एवढी रक्कम आम्हाला फार जड जाते.
— एक वाचक, मानखुर्द (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, दोन्ही हप्त्यांचे पैसे तुमचेच आहेत आणि ते संस्थेला परत द्यावेच लागतील. चुकीने हाती आलेले पैसे ज्याचे त्याला परत केले पाहिजेत, असं १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं. तुमच्या हातात ‘येणं बाकी नाही’ हे पत्र आहे, म्हणजे वाद घालायला संस्थेकडे जागाच नाही. शेजाऱ्यांचा सल्ला मात्र ऐकू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

कर्ज घेताना मिस्टरांनी बऱ्याच कागदांवर सह्या केल्या असतील. त्यांतला एक कर्जाचा करार, तो तुमच्यात आणि वित्तसंस्थेत झाला. दुसरा मॅन्डेट. तो मिस्टरांनी आपल्या बँकेला दिलेला हुकूम आहे, की ही संस्था मागेल तेव्हा माझ्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत पैसे देत जा. २९ तारखेला तुम्ही करार संपवला. हुकूम अजून चालू आहे. लाखभर रुपयांचा व्यवहार पूर्ण झाला, पावती मिळाली, पत्र मिळालं, तरी हा एक कागद कुणी मागे घेतला नाही.

जुनी माणसं याला अजून ‘ईसीएस’ म्हणतात. ती पद्धत रिझर्व्ह बँकेने नव्वदच्या दशकात आणली. तिची जागा आता ‘नॅच’ने, म्हणजे नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउसने घेतली आहे. यूपीआय चालवणारं एनपीसीआयच हेही चालवतं. दर महिन्याला वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची यादी तयार करते आणि आपल्या बँकेला देते. तिथून ती एनपीसीआयकडे जाते आणि एनपीसीआयकडून तुमच्या बँकेकडे येते. तुमच्या बँकेचा संगणक मोजक्याच गोष्टी बघतो: या क्रमांकाचा मॅन्डेट आपल्याकडे आहे का, त्याची मुदत उरली आहे का, रक्कम मर्यादेत आहे का, खात्यात शिल्लक आहे का. कर्ज उरलंय की फिटलंय हे त्याला माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. रविवारी पैसे कसे गेले, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं.

तुमच्या दोन हप्त्यांत फरक आहे. पहिला हप्ता समजण्यासारखा आहे. ५ तारखेची यादी बहुतेक संस्था काही दिवस आधीच तयार करून पाठवतात. तुम्ही २९ तारखेला पैसे भरले तेव्हा तुमचं नाव त्या यादीत असण्याची शक्यता मोठी आहे. असा हप्ता संस्थेने स्वतःहून आणि लगेच परत करायला हवा, एवढंच म्हणता येईल. दुसऱ्या हप्त्याला मात्र कोणतीच सबब नाही. महिनाभर आधी बंद झालेल्या खात्याचा हप्ता पुन्हा यादीत आला, याचा अर्थ संस्थेच्या एका विभागाने दुसऱ्या विभागाला कळवलं नाही. पत्रात या दोन हप्त्यांचा वेगवेगळा उल्लेख करा. दुसऱ्या हप्त्याबद्दल ‘सिस्टिम’ हे उत्तर मान्य करू नका.

आता घरातली कर्जाची फाइल काढा आणि मॅन्डेटची प्रत शोधा. धनादेशाएवढा लांबट फॉर्म असतो. त्यावर हप्त्याची नेमकी रक्कम क्वचितच असते. ‘कमाल रक्कम’ असा रकाना असतो आणि तिथे हप्त्यापेक्षा बराच मोठा आकडा लिहिलेला असतो. बदलत्या व्याजदराच्या कर्जात दर वाढला की हप्ता वाढू शकतो, म्हणून संस्था ही सोय ठेवतात. ते वाजवीही आहे. खरी गोम मुदतीत आहे. जुन्या फॉर्मांवर ‘रद्द करेपर्यंत’ असा चौकोन असे आणि सही घेणारा प्रतिनिधी तिथे बरोबरची खूण करून टाकत असे. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या मॅन्डेटला शेवटची तारीख लागते. पण ती तारीख कर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच पुढची असू शकते. जुने मॅन्डेट तर कुणी रद्द करेपर्यंत चालूच राहतात.

त्या ६१२ रुपयांबद्दल. पासबुकातली ओळ नीट वाचा. त्यात ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ ही अक्षरं, पुढे पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बहुधा वीस अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो मॅन्डेटचा क्रमांक, यूएमआरएन. १४,८६० च्या ओळीतला क्रमांक आणि ६१२ च्या ओळीतला क्रमांक ताडून पाहा. वेगळे निघाले तर हा दुसरा मॅन्डेट आहे, आणि माझा पहिला संशय विम्यावर आहे. गृहकर्ज देताना कर्जदाराच्या आयुष्याचा विमा काढायचा आग्रह होतो. त्याचा एकरकमी हप्ता मोठा असतो, म्हणून तेवढ्यासाठी एक छोटं वेगळं कर्जखातं उघडतात. त्याला वेगळा क्रमांक आणि वेगळा हप्ता. माणसं मोठं कर्ज फेडून सुटकेचा श्वास टाकतात आणि हे छोटं खातं मागे चालू राहतं, कारण ‘तुमच्या नावावर आणखी काही आहे का’ हा प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. संस्थेकडून लेखी मागा: मिस्टरांच्या नावावरच्या सगळ्या कर्जखात्यांची यादी आणि प्रत्येकाची आजची बाकी. विम्याचं खातं निघालं तर ते खरं देणं आहे, ते फेडून बंद करा. आणि त्याच वेळी विमा कंपनीकडे सरेंडर मूल्य मागा. कर्ज मुदतीआधी फिटलं तर अशा बऱ्याच पॉलिसींत उरलेल्या काळाचे काही पैसे परत मिळतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. मे महिन्याच्या अखेरीला ४३६ किंवा २० रुपये कापले गेले तर त्याचा कर्जाशी संबंध नसतो. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या पंतप्रधान योजनांचे वार्षिक हप्ते आहेत. खातं उघडताना फॉर्मवर सही झालेली असते आणि नंतर आठवत नाही.

आता मुख्य काम. तुमच्या बँकेतल्या माणसाने ‘ज्यांचं कर्ज होतं त्यांना विचारा’ असं सांगितलं, ते अर्धंच खरं आहे. गेलेले पैसे संस्थेने द्यायचे आहेत, हे बरोबर. पण पुढचा हप्ता थांबवणं हे तुमच्या बँकेचं काम आहे आणि त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही. धनादेश थांबवताना ज्याच्या नावाचा आहे त्याला आपण विचारतो का? इथेही तसंच. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, त्याची अंमलबजावणी १५ ऑक्टोबर २०१९ पासून सुरू झाली. फसलेल्या व्यवहारांचे पैसे किती दिवसांत परत करायचे आणि उशीर झाला तर भरपाई किती, याचं कोष्टक त्यात आहे. नॅचच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं आहे की ग्राहकाने आपल्या बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यानंतरही खात्यातून पैसे कापले गेले, तर त्याची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. तिने दुसऱ्या दिवसापर्यंत ते निस्तरायचं आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता. हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. बँकेच्या काउंटरवरच्या कितीतरी जणांनाही तो माहीत नसतो, हे मी अनेक वाचकांच्या पत्रांवरून सांगू शकतो.

म्हणून उद्याच मिस्टरांना बँकेत पाठवा. खातं त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागेल. कोणत्याही शाखेत अर्ज घेतला पाहिजे, पण कुणी टोलवाटोलवी केली तर खातं असलेल्या शाखेत जा, तिथे नाही म्हणता येत नाही. नेटबँकिंग असेल तर बऱ्याच बँकांत मॅन्डेटची यादी तिथेच दिसते आणि रद्दही करता येते. तरीही कागदी अर्ज कराच. मजकूर साधा ठेवा:

‘माझ्या बचत खात्यावर अमुक संस्थेच्या नावे नोंदवलेला, यूएमआरएन अमुक असलेला मॅन्डेट मी आजपासून रद्द करत आहे. संबंधित कर्ज अमुक तारखेला पूर्ण फिटले असून संस्थेचे पत्र सोबत जोडले आहे. यापुढे या मॅन्डेटवर कोणतीही रक्कम नावे टाकू नये. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आजनंतरच्या कोणत्याही कपातीची जबाबदारी बँकेची राहील.’

दोन प्रती न्या, एकीवर तारीख-शिक्का घेऊन या. त्या शिक्क्याच्या तारखेने दोन गोष्टी वेगळ्या होतात: त्याआधी कापलेले पैसे वित्तसंस्थेकडून मागायचे, त्यानंतर कापलेले आपल्या बँकेकडून. ५ तारखेच्या आदल्या दिवशी अर्ज देऊ नका. चार-पाच कामाचे दिवस हातात ठेवा. विम्याच्या खात्याचा मॅन्डेट वेगळा असेल तर तो मात्र ते देणं फिटेपर्यंत राहू द्या.

खातं रिकामं का करायचं नाही? शिल्लक नसताना मागणी आली की ती परत जाते आणि तुमची बँक दंड लावते. तिकडची संस्थाही आपला दंड लावायला बघते. मग जे खातं शून्यावर बंद झालं होतं, त्याच्यावर पुन्हा ‘बाकी’ दिसायला लागते. ज्यांचं कर्ज अजून चालू आहे त्यांनी तर हा खेळ मुळीच करू नये. खऱ्या देण्याचा इलेक्ट्रॉनिक हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो गुन्हा होऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तुमचं देणं उरलेलं नाही, त्यामुळे ते कलम तुम्हाला लागू होत नाही, पण दंड आणि मनस्ताप चुकणार नाही. हा फ्रॉडही नाही. पासबुकात पैसे घेणाऱ्याचं नाव तुमच्या ओळखीचं आहे. अनोळखी नाव दिसलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं: तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवा. बाहेरच्या कुणी केलेल्या अशा गैरव्यवहारात वेळेत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं.

गेलेल्या पैशांसाठी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पाठवा. ‘येणं बाकी नाही’चं पत्र, पासबुकाच्या पानाची प्रत आणि पैसे कोणत्या खात्यात हवेत ते लिहा. फोनवरच्या आश्वासनाला पुरावा नसतो, म्हणून त्यावर थांबू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढची पायरी. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. कर्ज बँकेचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची, सीएमएस पोर्टलवर किंवा कागदावर. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि १४४४८ या टोल-फ्री क्रमांकावर माहिती मिळते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे, तिच्या ‘ग्रिड्स’ या यंत्रणेवर करावी लागते. या कंपन्यांचं नियमन २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे गेलं, पण ग्राहकांच्या तक्रारी नॅशनल हाउसिंग बँकेकडेच राहिल्या. चुकीच्या दारी महिना घालवणारे पुष्कळ असतात. कर्जाच्या करारावर संस्थेचं पूर्ण नाव काय आहे ते आधी बघा, आणि ती संस्था पुढे दुसरीत विलीन झाली का तेही. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे तिच्या जुन्या कर्जदारांची वाट आता बँकेच्या लोकपालाकडे जाते.

कागदपत्रांचं तुम्ही काही विचारलं नाहीत, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत घराची सगळी मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत आणि घरावरचा बोजा नोंदणीतून उतरला पाहिजे. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुमच्या बाबतीत वाटपपत्र, ताबापत्र आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तिथे ठेवलेलं असेल. कर्ज घेताना दिलेल्या यादीशी एकेक कागद ताडून घ्या. सहीचे कोरे धनादेश दिले असतील तर तेही परत मागा. मग सोसायटीला पत्र देऊन दप्तरातली संस्थेच्या बोजाची नोंद काढायला लावा. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल बघा, त्यात कर्ज ‘बंद’ दिसलं पाहिजे.

आणि याच ठिकाणी मला रिझर्व्ह बँकेकडे एक मागणी करायची आहे. कागद परत द्यायला उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये मोजायला लावणाऱ्या त्या परिपत्रकात मॅन्डेटचा उल्लेखच नाही. कर्ज फिटलं की घराचा बोजा संस्थेने उतरवायचा, पण कर्जदाराच्या खात्यावरचा हुकूम संस्थेने मागे घेतलाच पाहिजे असं त्यात म्हटलेलं नाही. कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी २४ तास आधी सूचना द्यायचं बंधन आहे. नॅच त्या चौकटीत येत नाही. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत हीच चूक झाली, तर तिथल्या ‘डायरेक्ट डेबिट’च्या हमीप्रमाणे त्याची स्वतःची बँक त्याला पूर्ण रक्कम तत्काळ परत करते आणि संस्थेशी पुढचं भांडण बँक भांडते. युरोपात खात्यातून असे गेलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येतात, आणि संमतीच नव्हती असं दिसलं तर ही मुदत १३ महिन्यांपर्यंत वाढते. आपल्याकडे निवृत्त माणसाला आधी फोन, मग पत्र, मग तीस दिवसांची वाट, मग लोकपाल, एवढा वळसा आहे. दोन हप्ते म्हणजे २९,७२० रुपये. पगार थांबलेल्या घराला ही रक्कम दोन महिने अडकवून ठेवणं अन्याय आहे. कर्ज बंद केल्याच्या पत्रातच ‘मॅन्डेट अमुक तारखेला रद्द केला’ ही ओळ सक्तीची करणं संस्थांना अवघड नाही.

तोवर ज्यांचं कर्ज येत्या काही महिन्यांत फिटणार आहे त्यांनी एवढं करावं: शक्यतो हप्त्याच्या तारखेनंतर लगेच, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कर्ज बंद करा, म्हणजे पुढची यादी तयार होण्याआधी नाव गळेल. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, बँकांना तो २०१२ पासून बंद आहे. कुणी लावला तर भरू नका. सगळ्या खात्यांची शून्य बाकी लेखी घ्या. आणि ते पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात स्वतःच्या बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द करा, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.